दुसऱ्या गिअरमध्ये दम्मामपर्यंत

रियाधमध्ये पाणी नळात असतं, बाटलीत असतं, नाहीतर टँकरमध्ये असतं. मोकळं, आपल्या मर्जीनं पसरलेलं पाणी तिथे बघायला मिळत नाही. मी रत्नागिरीकडच्या खाडीकाठची. आमच्या मागच्या दाराशी भरतीचं पाणी येऊन जायचं, आणि भांडी घासायला बसलं की पायाशी खेकडे फिरायचे. लग्न होऊन रियाधला आले तेव्हा पहिली काही वर्षं मी ही तहान कुणाला सांगितलीच नाही. नवऱ्याला सांगितली असती तर त्याने फ्रीज उघडून बाटली पुढे केली असती. माणूस भला, पण जपून पाऊल टाकणारा. एका बांधकाम कंपनीत अकाउंट्स बघायचा, आणि रस्ता ओलांडतानाही आधी दोन्हीकडे आणि मग पुन्हा पहिल्या बाजूला बघायचा.

त्यात कुवेतचं युद्ध पेटलं. खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लागल्या. सायरन झाला की आम्ही तिघं आतल्या खोलीत शिरायचो, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचो आणि छताकडे बघत बसायचो. तिघं म्हणजे मी, नवरा आणि आमची मुलगी. ती इंग्रजी शाळेत पहिलीत होती. शाळा बंद असल्यामुळे दिवसभर माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायची. आम्ही घरात आमची कोकणातली मराठी बोलायचो, आणि ती आम्हाला हिंदीत उत्तरं द्यायची.

अशाच एका सायरनच्या वेळी मी नवऱ्याला म्हटलं, "ही लढाई संपली का मना पानी दाखवा. नळातला न्हाय. मोकला पानी."

कुठेतरी लांब धाडकन आवाज झाला. त्या घटकेला मी चंद्र मागितला असता तरी त्याने हो म्हटलं असतं. "दम्मामला नेतो तुला," तो म्हणाला. "समुद्र दाखवतो. वाटेत अल-हसाचा तलावपन दाखवतो."

लढाई थांबली आणि मी त्याला शब्दाची आठवण करून दिली. तो टाळाटाळ करायला लागला. रस्त्यावर फौजा आहेत, जागोजागी तपासणी आहे, धूर आहे. मी म्हटलं, असू दे. शेवटी तो कफिलाकडे गेला. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही त्या देशात राहत होतो तो मालक. आमचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याच्याच हातात. आमचा कफील म्हातारा होता, मोजकं बोलणारा. सणावाराला घरी खजुराची पेटी घेऊन यायचा, पण मी दारात असले तर भिंतीशी बोलल्यासारखा बोलायचा. परक्या बाईकडे नजर उचलायची नाही, ही तिथली रीत. त्याने ऑफिसची डबल केबिन पिकअप दिली आणि प्रवासाची परवानगीही दिली. पुढच्या सुट्टीच्या दिवशी पहाटेची नमाज झाली आणि आम्ही निघालो.

रस्त्यावर गर्दी सगळी समोरून येणारी. ट्रेलरवर चढवलेले रणगाडे, जाळीखाली झाकलेल्या तोफा, धुळीने पांढरे झालेले सैनिक. एका पेट्रोल पंपावर एक गोरी पोरगी लष्करी ट्रकच्या स्टिअरिंगवर बसून बिस्किटं खात होती. आमची मुलगी खिडकीतून जवळजवळ बाहेर पडली. "अम्मी, लेडी ड्रायव्हर!"

नवऱ्याने हात मागे घालून काच वर केली. थोड्याच महिन्यांपूर्वी रियाधमध्ये तिथल्याच काही बायकांनी गाड्या चालवल्या होत्या आणि त्यावरून केवढा गहजब झाला होता, हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. आमच्या बिल्डिंगमधले पुरुष तर त्यानंतर बायकांना गाडीच्या किल्ल्यासुद्धा टेबलावरून उचलू देत नव्हते. मला तेव्हा गाडी चालवण्यात काडीचाही रस नव्हता. पण त्या काच वर करण्याचा राग मात्र आला.

सकाळपासून त्याच्या बेंबीपाशी दुखत होतं. आदल्या दिवशी दोस्ताकडे दाबून बिर्याणी खाल्ली होती, त्यामुळे गॅस धरला असेल असं त्यालाही वाटलं आणि मलाही. मी पिशवीतून ओवा काढून दिला. तो चावत चावत गाडी चालवत राहिला.

अल-हसा आलं आणि मी बोलायची थांबले. वाळूच्या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात एकदम हिरव्या झावळ्यांचा समुद्रच. खजुरांच्या बागांमधून पाट वाहत होते, पाटाच्या कडेला लसूणघासाचे तुकडे होते, आणि एका बांधावर चक्क बेडूक बसला होता. बागांना पाजून उरलेलं पाणी उत्तरेकडे सोडलेलं असतं. ते तिथल्या खोलगट जमिनीत साचून मोठं पाणथळ झालेलं आहे. आम्ही डांबरी रस्ता सोडला आणि टायरच्या खुणांवरून आत वळलो.

"खुणा सोडायच्या न्हायत," नवरा म्हणाला. "ह्या बाजूची जमीन दिसते तशी नसते. वर मिठाची पापडी आणि खाली चिखल. गाडी गेली का गेली."

मी मान डोलावली, पण माझं लक्ष पुढे होतं. माणसाच्या दुप्पट उंचीचे बोरू, त्यांच्यामधून चमकणारं पाणी, आणि पाण्यात उथळ ठिकाणी गुलाबी पायांचे रोहित पक्षी माना खाली घालून उभे. बगळे तर आमच्या खाजणात असतात तसेच, तितकेच आळशी. वासही तोच. कुजक्या पानांचा, मिठाचा, जिवंत. उत्तरेकडे आभाळाच्या कडेला कुवेतच्या जळत्या तेलविहिरींच्या धुराचा काळा पट्टा होता, आणि त्याच्याखाली हे पक्षी आपले निवांत चरत होते. मी चपला काढल्या, बुरखा पोटऱ्यांपर्यंत धरला आणि पाण्यात शिरले. बोटांच्या फटींतून गाळ वर आला. मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने हसले. मुलगी काठावरून ओरडत होती, "अम्मी, गंदा है!" मी तिला ओढून पाण्यात घेतलं.

मागे वळून पाहिलं तेव्हा नवरा गाडीच्या सावलीत गुडघे पोटाशी घेऊन पडलेला होता.

त्याला उलटी झाली होती. अंग तापलं होतं. दुखणं आता बेंबीपाशी नव्हतं, खाली उजव्या बाजूला उतरलं होतं. मी तिथे नुसतं बोट लावलं तर तो असा ओरडला की बोरूतले पक्षी उडाले. माझ्या एका चुलतभावाचं असंच उजवीकडे दुखलं होतं. गावाहून रत्नागिरीच्या दवाखान्यात नेईपर्यंत आतलं आतड्याचं शेपूट फुटलं आणि तो गेला. मी त्या मयताला होते. त्यामुळे हे काय आहे ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आजूबाजूला माणूस नाही. फोन नाही. डांबरी रस्ता दिसतही नव्हता. मी त्याला कसंबसं उठवून पुढच्या सीटवर आडवं केलं, मुलीला मागे बसवलं, आणि स्वतः स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडलं.

त्याने डोळे उघडले. "काय करतेस तू?"

"तुमाला दम्मामला नेते."

"वेडी झालीस? पकडला तर खलास. इकामा जाईल, नोकरी जाईल. गाडी कफिलाची हाय. तिघांनाही विमानात बसवून पाठवतील. घराचा काम अर्धा हाय गावाला…"

"इकामा राहिला आनि तुमी गेलात, तर त्या इकाम्याचा मी काय लोणचा घालू?"

त्याला कळ आली. ती ओसरल्यावर म्हणाला, "निदान माझा रुमाल डोक्याला बांध. लांबून बाप्या दिसशील."

"मी आजारी मानूस घेऊन चाललेय, दरोडा घालायला न्हाय. बाई हाय ती बाईच दिसू दे."

गाडी कशी चालवतात हे मी इतकी वर्षं शेजारी बसून पाहिलं होतं. पाहणं आणि करणं यात किती अंतर असतं ते पहिल्या पाच मिनिटांत कळलं. गाडी उडी मारून बंद पडायची, पुन्हा उडी मारायची. दर उडीला नवरा कळवळायचा. शेवटी दात आवळून तोच सांगायला लागला. "डावा पाय पूर्ण दाब. आता गिअर. मागं ओढ. हळू सोड… हळू गं!" कसा कोण जाणे, पण दुसरा गिअर पडला आणि गाडी चालायला लागली. मी ठरवलं, आता हा गिअर सोडायचा नाही. इंजीन बोंबलत होतं, पण बोंबलू दे. घरात मी तरी कुठे हळू बोलते?

पहिलं वळण उजवीकडे होतं. मी पूर्ण ताकदीने स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी डावीकडे निघाली.

यात माझ्या बुद्धीचा दोष नव्हता, हातांचा होता. माझ्या बाची खाडीवर तरीची होडी होती. या काठावरची माणसं त्या काठाला नेण्याचा धंदा. लहानपणी तो मला सुकाणूवर बसवायचा, आणि ऐन वयात येईपर्यंत मी ती होडी चालवली. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. जिकडे जायचं त्याच्या विरुद्ध ढकलायचं, हे माझ्या मनगटात मुरलेलं होतं, आणि घाबरल्यावर माणसाची मनगटंच आधी बोलतात.

"अम्मी, रास्ता उधर है!" मुलगी मागून किंचाळली.

खुणा सुटल्या होत्या. पुढची चाकं त्या पांढऱ्या पापडीवर गेली आणि खालून कराकरा आवाज आला. शहाण्या ड्रायव्हरने तिथे ब्रेक मारला असता. मला ब्रेक आठवलाच नाही. भीतीने उजवा पाय होता तिथेच आणखी खाली गेला, आणि ती पिकअप डुकरासारखी फुरफुरत, दोन्ही बाजूंनी काळा चिखल उडवत, पापडी फोडत सरळ निघाली आणि पुढे कुठेतरी पुन्हा खुणांवर येऊन आदळली. ब्रेक आठवला असता तर आमची गाडी अजून तिथेच असती. नवऱ्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. तो दुखण्याने की माझ्या गाडी चालवण्याने, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर दर वळणाला मी मोठ्याने म्हणायला लागले, "जिकडं जायचा तिकडंच. जिकडं जायचा तिकडंच." मुलीला ते गाणं वाटलं. तीही मागून म्हणायला लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याबरोबर तिने अख्खं वाक्य मराठीत म्हटलं. मधूनमधून मी अल्लाला हाक मारत होते, आणि मधूनमधून गाडीला शिव्या देत होते. दोघांनीही ऐकलं. डांबरी रस्ता लागला.

नवऱ्याचं म्हणणं, इथे थांबून कुणाला तरी हात दाखवू. पण लष्कराचे ट्रक कुणासाठी थांबत नव्हते, आणि एकदा थांबवलेली गाडी माझ्याच्याने पुन्हा सुरू होईल याची मला खात्री नव्हती. मी कडेकडेने तशीच रेटली. मागून येणारे हॉर्न वाजवत पुढे जायचे, पुढे गेल्यावर माना वळवून बघायचे. एका बसमधून तर सगळे परदेशी सैनिक उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला हात सोडून सलाम करता आला असता तर केला असता.

आणि मग, दम्मामच्या अलीकडे, तपासणीची चौकी आली.

रस्त्यावर आडवी पिंपं आणि एक कोवळा सैनिक. त्याने हात वर केला, मी पाय सापडेल तिथे दाबला, गाडी गचका खाऊन बंद पडली. सैनिक खिडकीशी आला. मला पाहून त्याचं तोंड उघडं राहिलं. तो उलट्या पावली गेला आणि एका अधिकाऱ्याला घेऊन आला. दाट काळ्या मिशा, खांद्यावर पट्ट्या. मला येत होते तेवढे सगळे अरबी शब्द मी त्याच्या अंगावर फेकले. "जौजी मरीद! मुस्तश्फा! यल्ला!" माझा नवरा आजारी आहे, हॉस्पिटल, चला लवकर. फौजी अधिकाऱ्याला यल्ला म्हणणारी पहिली कोकणी बाई मीच असेन.

त्याने वाकून नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याला अरबी चांगलं यायचं. तो पडल्या पडल्या तुटक बोलत राहिला, अधिकारी ऐकत राहिला. याने आता खाली उतरवलं, चौकशीला बसवलं, तर नवऱ्याच्या पोटातलं काही थांबणार नव्हतं. मी स्टिअरिंग सोडलं नाही.

"काय म्हनतो?" मी विचारलं.

"म्हनतो, त्याची आई वाळवंटात गाडी चालवते," नवरा कण्हत म्हणाला. "बकऱ्यांना पाणी नेते टँकरने. पन शहरात असला चालत न्हाय म्हनतो."

"मग त्याला सांगा, मी पन बकऱ्याच नेतेय."

हे त्याने सांगितलं की नाही मला माहीत नाही. अधिकाऱ्याने एकदा मागे चौकीवरच्या आपल्या दोघाचौघा कोवळ्या सैनिकांकडे, ट्रकच्या लांबलचक रांगेकडे बघितलं. त्याच्याकडे आमची गाडी चालवायला देण्याजोगा माणूस नव्हता, आणि नवऱ्याला दुसऱ्या गाडीत हलवायला गेले तर तो किंचाळत होता. मग तो स्वतःच जीपमध्ये बसला, दिवा लावला, आणि खिडकीतून हात काढून मला खूण केली. मागून ये. मी डावा पाय पूर्ण दाबला, हळू सोडला, आणि या खेपेला गाडी उडी न मारता निघाली.

मी दम्माम शहरात गाडी चालवत शिरले. पुढे फौजी जीप, मागे मी, दुसऱ्या गिअरमध्ये. सिग्नल लाल असला तरी जीप थांबत नव्हती, मग मीही थांबले नाही. फुटपाथवरची माणसं दगडासारखी उभी राहायची. एक म्हातारा हातातली पिशवी खाली ठेवून बघत होता. मोठा चौक आला, त्याला पूर्ण वळसा घालायचा होता. माझी मनगटं एकदाही चुकली नाहीत. त्या वळशात मला जे वाटलं ते मी लपवणार नाही. शेजारी नवरा मरणाच्या दारात होता, मला त्याची भीती वाटत होती, आणि तरीही माझ्या छातीत अभिमान मावत नव्हता. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं.

"अम्मी, समंदर!"

समुद्र उजव्या हाताला होता म्हणे. ज्याच्यासाठी एवढा प्रवास केला तो शेजारून चालला होता आणि मला जीपच्या दिव्यावरून डोळे काढायची सोय नव्हती. "तू बघ," मी मुलीला म्हटलं, "आनि मना सांग." तिने शेवटपर्यंत सांगितलं. निळा आहे, मोठा आहे, त्यात बोट आहे.

हॉस्पिटलच्या दारात अधिकारी आधी उतरला. पहारेकरी माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी ओरडायला लागला, तेव्हा हा मध्ये उभा राहिला आणि शांतपणे दोन वाक्यं बोलला. स्ट्रेचर आलं. स्ट्रेचरवर उचलताना नवऱ्याने मला हळूच सांगितलं, "अफसर म्हनाला, गाडी त्यानंच चालवली." मी त्या माणसाला धन्यवाद द्यायला वळले तर जीप निघून गेली होती.

इजिप्शियन डॉक्टरने लगेच ऑपरेशनला घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाला, फुटायच्या बेताला आलं होतं, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही नव्हतं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि मनसोक्त रडले.

हॉस्पिटलभर गोष्ट पसरली ती अशी की एका दयाळू फौजी अफसराने एका हिंदी माणसाचा जीव वाचवला. नर्सा येऊन अफसराला दुवा द्यायच्या. मी ऐकून घ्यायची. खरं गिळण्यातच आमची भाकरी होती. पहारेकरीसुद्धा आता माझ्याशी आदराने वागत होता.

नवरा उशीला टेकून बसायला लागला तेव्हा कफील रियाधहून त्याला भेटायला आला. नेहमीसारखा खजूर घेऊन आला. दारातच पहारेकऱ्याने त्याला गोष्ट सांगितली असणार, कारण आल्या आल्या तो म्हणाला (नर्सांकडून ऐकून ऐकून तेवढं अरबी मलाही कळायला लागलं होतं), अल्लाने त्या अफसराला पाठवलं, त्याचं भलं होवो. मी भिंतीशी सरकले. नवऱ्याने नुसतं आमीन म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. नोकरी शाबूत, इकामा शाबूत.

रस्ता ओलांडताना तीनदा बघणारा माझा नवरा उशीवरून सरळ बसला. मग अरबीत काही बोलला. हळू बोलला, पण अडखळला नाही. त्यातला एक शब्द मला कळला. जौजती. माझी बायको. आणि त्याने माझ्याकडे हात केला.

कफील खाली फरशीकडे बघत होता. हातातल्या जपमाळेचे मणी तो एकेक करून ओढत राहिला. मग त्याने जपमाळ खिशात घातली, उठला, आणि नवऱ्याला काहीतरी सांगून दाराकडे निघाला.

"काय म्हनाला?" मी पुटपुटले.

नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "म्हनाला, मी काही ऐकलेला न्हाय. आनि जे मी ऐकला न्हाय, त्याबद्दल तुझ्या बायकोला माझा सलाम सांग."

कफील दारात पोचला होता, माझ्याकडे पाठ करून. तिथल्या रीतीप्रमाणे मी नवऱ्याकरवी उत्तर द्यायला हवं होतं. मी दिलं नाही. खणखणीत आवाजात, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं म्हटलं, "व अलैकुम सलाम."

तो थांबला, त्याने मान हलवली, आणि मग तो गेला.